दादा आणि देवमासा

माझा दादा लोकांचे किंचाळतानाचे फोटो विकतो. हसू नका, खरंच सांगते. आमच्या गावाला समुद्रबाग आहे. तिथे सील टाळ्या वाजवतात, काचेच्या बोगद्यात डोक्यावरून शार्क जातात, आणि कुठेही उभं राहा, मासळीचा आणि क्लोरीनचा वास पिच्छा सोडत नाही. तिथल्या रोलर कोस्टरवर एक कॅमेरा असतो. गाडी उंचावरून खाली सुटली की प्रत्येक बाकाचा आपोआप फोटो निघतो, एका बाकावरच्या दोघांचा एक. लोक जिना उतरून खालच्या खोलीत येतात, भिंतीवरच्या पडद्यांवर आपापली तोंडं शोधतात आणि 'अरे देवा, हा मी?' म्हणून खिदळतात. ज्याला हवा तो विकत घेतो. उरलेले फोटो बाग बंद होताना पुसून टाकायचे. काउंटरमागे दादा. सगळी बाग त्याला फोटोकाका म्हणते. समोरच्या टपरीवर मी रेनकोट विकते, एकदा घालून टाकून द्यायचे, पातळ प्लास्टिकचे. म्हणजे भाऊ घाबरलेल्यांवर जगतो आणि बहीण भिजणाऱ्यांवर.

दादाचा स्वतःचा एक नियम होता, साहेबांनी न घातलेला. फोटोत कुणी तोंड झाकलेलं दिसलं की तो फोटो पडद्यावर यायच्या आत पुसून टाकायचा.

"अरे, भीतीनं झाकलं असेल," मी म्हणायचे. "मजेत घेतील विकत."

"कशानंही झाकलेलं असू दे. तोंड झाकलं म्हणजे बघू नका म्हणाला माणूस. मग आपण बघणारे कोण?"

यावरून साहेबांची बोलणी खाल्ली त्यानं, पण पालथ्या घड्यावर पाणी. एरवी इतका मऊ माणूस, पण या एका गोष्टीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी पाय एका जागी ठरायचे नाहीत म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. तेव्हा बागेत जुना रोलर कोस्टर होता. वळणावर तिरका चालायचा म्हणून सगळे त्याला खेकडा म्हणत. भिंगरी उंचीच्या खुणेला टेकल्या दिवसापासून दर शनिवारी खेकड्यावर. मोठमोठे बाप्ये डोळे मिटून रामराम म्हणत बसायचे आणि ही पोर हात सोडून! कॅमेरा कुठे आहे ते तिला पाठ. बरोब्बर त्या जागी मान वळवायची आणि जीभ बाहेर काढायची. खाली दादा पडद्याकडे बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "ही आमची." वरून तिनं जीभ काढायची आणि खालून यानं कृतकृत्य व्हायचं, असं त्या बापलेकींचं चालायचं.

मग वहिनी आजारी पडली. नेमकी शाळांच्या सुट्टीत, बागेत पाय ठेवायला जागा नाही अशा दिवसांत. भिंगरीचं कॉलेज संपत आलं होतं. ती रात्रंदिवस इस्पितळात आईजवळ. दादा म्हणायचा, "आज गर्दी आहे, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी. मला विचाराल तर गर्दीचं निव्वळ निमित्त होतं. तो भ्याला होता. वहिनीचं ते सुकलेलं तोंड त्याला बघवत नव्हतं. पण हे त्या पोरीला कोण सांगणार, आणि सांगून तरी काय? आईला पाणी पाजायला ती एकटी होती ना!

शेवटी तो आला तेव्हा खाट रिकामी होती. अंगात बागेचा गणवेश, खिशावर समुद्रघोडा. भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, दिवसभर परक्या लोकांची तोंडं बघता. आईचं तोंड शेवटचं कधी बघितलंत?"

  ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली ती गेलीच. लग्न केलं ते आम्हाला नंतर कळलं. मुलगी झाली तेही नंतरच. माझ्या वाढदिवसाला मात्र न चुकता फोन करते. बापाचं नाव काढत नाही, आणि मी काढलं तर म्हणते, "आत्या, दुसरं काही बोल."

असाच एक वाढदिवस. दादा माझ्या खोलीत कपबशी घेऊन बसलेला. फोन वाजला, मी आवाज मोठा करून ठेवला. पलीकडून नातीचा चिमणा आवाज: "आजी, तुमचा देवमासा झाला का? त्याच्या पोटातून गाडी जाते ना? आई म्हणते सगळ्यात उंच आहे!"

खेकडा मोडीत काढून बाग त्या जागी नवा रोलर कोस्टर बांधत होती. निळाशार, सीलच्या तळ्यावरून जाणारा, शेवटी देवमाशाच्या उघड्या जबड्यातून पाण्यात बुडी मारणारा. गावात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याकडे तेच, शाळेच्या फाटकात तेच. पण दादानं त्यातलं एकच ऐकलं: आई म्हणते. म्हणजे भिंगरी घरात बागेची गोष्ट काढते! कपातला चहा तसाच राहिला. त्या दोन शब्दांवर माझ्या भावानं बंगला बांधला हो, वर मजला चढवला आणि गच्चीसुद्धा घातली.

"सुरू झाला की ती येणार," म्हणाला. "खेकड्यावर वाढलेली पोर आहे. राहवणार नाही तिला."

"ती देवमाशासाठी येईल," मी म्हटलं. मी आपली फटकळ. "तुझ्यासाठी येईल असं कुणी सांगितलं?"

"कशासाठी का येईना. उतरायचा जिना माझ्याच खोलीत येतो."

झालं. मग काय, रोज काम संपलं की स्वारी कुंपणाशी उभी. आज किती खांब उभे राहिले, आज रुळांना रंग दिला, आज जबड्यात दात बसवले. मासे कापणारी बाई मला म्हणाली, "तुझा भाऊ बांधतोय की काय तो?" आणि ते उद्घाटन! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एकदा वारा फार म्हणून पुढे ढकललं, एकदा बाहेरून यायचे बोल्ट आले नाहीत म्हणून, एकदा तपासणीवाल्याला जबड्याजवळचा जिना पसंत पडला नाही म्हणून. त्यानं बाजूला दुसरा एक जिना काढायला लावला, ज्यांना मळमळतं त्यांना लवकर बाहेर नेण्यासाठी. दर वेळी दादाचा चेहरा पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हा कुंपणाशी हजर.

गाडीची चाचणी सुरू झाली तेव्हा माणसांऐवजी पाण्यानं भरलेले प्लास्टिकचे बाहुले बसवायचे. गाडी सुटताना देवमाशाचा भोंगा वाजायचा, पार बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असा. कॅमेरा जुळवायला दादा त्या बाहुल्यांचे फोटो बघत बसायचा. मला बोलावून म्हणाला, "बघ, किती गुणी गिऱ्हाइकं. एकही तोंड झाकत नाही." पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो.

समोरचे दोन दात पडले होते ते त्यानं बसवून घेतले. नात घाबरायला नको म्हणे. कामगारांना घरच्यांसाठी पहिल्या दिवसाचे पास मिळाले, मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या. त्यानं दोन घेतल्या, एक मोठी, एक लहान मुलांची, आणि समुद्रघोड्याच्या खिशात ठेवल्या. मला म्हणाला, "तू कळव तिला." मी कळवलं. ती म्हणाली, "बघते."

"बघते म्हणजे येते?" दादानं विचारलं.

"बघते म्हणजे बघते."

बाईमाणसाच्या 'बघते'चा अर्थ मला कळतो. त्यालाही कळत असणार. पण बुडत्याला काडीचा आधार.

आदल्या दिवशी पडदे पुसता पुसता मला विचारतो, "तिला पहिलं काय म्हणू? 'आलीस?' म्हणू का 'कशी आहेस?' म्हणू?"

"'चुकलो' म्हण."

"ते तर म्हणणारच आहे गं. पण त्याच्या आधी?"

  मी म्हटलं, "नुसतं हस. नवे दात कशाला बसवलेत?"

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी म्हणजे काय विचारू नका. रांग पेंग्विनच्या घरापर्यंत गेलेली. माझे रेनकोट दुपारपर्यंत निम्मे संपले. गाडी सुटली की भोंगा, भोंग्यामागून किंकाळी, किंकाळीमागून पाण्याचा फवारा, आणि मग चिंब झालेली माणसं जिन्यानं खाली. दर वेळी दादा आधी जिन्याकडे बघायचा, मग पडद्याकडे. गिऱ्हाईक पैसे पुढे करून उभं आणि याची मान वर. दुपार कलली तशी त्याची मान वर व्हायची कमी झाली. मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटला एकदाचा.

तेवढ्यात त्याची हाक आली. हाक कसली, आरोळीच! टपरी तशीच टाकून मी धावले. तो त्याच्या छोट्या यंत्रासमोर उभा होता. फोटो भिंतीवर लावण्याआधी तो तिथे बघतो.

"जीभ बघ!" म्हणाला. "बरोब्बर जागेवर!"

बाकावर एक लहान मुलगी. वारा तोंडावर, केस उभे, आणि मान कॅमेऱ्याकडे वळवून हीऽ एवढी जीभ बाहेर काढलेली. कॅमेरा खेकड्यासारखाच उताराच्या तोंडाशी, पण हे कुणी शिकवल्याशिवाय एवढ्याशा पोरीला कुठून कळायचं? दादा हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी शेजारच्या बाईकडे बघितलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता. डाव्या हाताचा अख्खा पंजा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मनगटावर वहिनीचं घड्याळ.

"अगं बाई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

दादानं हात बघितला होता की नाही, देव जाणे. तो पट्ट्या खिशातून काढून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. केसांवरून हात फिरवला. माणसं उतरू लागली, भिजलेली, खोकणारी, एकमेकांना टाळ्या देणारी. दादा प्रत्येकाच्या मागे बघायचा. गाडीतली सगळी उतरली. मग जिना रिकामा झाला आणि तिथे नुसतं पाणी ठिबकत राहिलं.

मला त्या बाजूच्या जिन्याची आठवण झाली. पळत गेले. तिथला पहारेकरी म्हणाला, "हो, एक बाई गेली की आत्ता. पोरीला मळमळतंय म्हणाली. पोरगी तर उड्या मारत होती."

फाटकाकडे बघितलं तर माणसांचा नुसता समुद्र. मी परत फिरले आणि दादाच्या दाराशी उभी राहून फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कुठे आहेस गं?"

"घरी आहे आत्या. का गं?"

आणि देवमाशाचा भोंगा वाजला. माझ्या एका कानात वरून, आणि दुसऱ्या कानात फोनमधून.  दोघींनी तो संपेपर्यंत ऐकला.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला."

"ठेवते आत्या," ती म्हणाली. 

दादा माझ्याकडे बघत होता. "काय म्हणाली?"

"घरी आहे म्हणाली."

"हो का," तो म्हणाला.

खिशात फुकटचे पास घेऊन बाप जिन्याशी उभा, आणि पोरगी तिकीट काढून, पेंग्विनपर्यंतच्या रांगेत तिष्ठून, समोरून आली नि बाजूनं गेली. इतका राग, पोरी? असूही दे, तुझा राग खोटा नाही. पण हा माणूसही आता म्हातारा झालाय गं. मी तिथे उभ्या उभ्या दोघांच्याही बाजूनं भांडत होते, मनातल्या मनात, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

दादा यंत्राशी परत गेला. फोटो तिथेच होता.

"छापून घे एक," मी म्हटलं. "कोण विचारतंय तुला? पोटची पोर आहे तुझी. नात आहे."

त्याचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं.

"दादा, पुसायचा नाही हं. ऐक माझं. नुसती नातीची बाजू तरी ठेव कापून."

"दोघी एका बाकावर आहेत," तो म्हणाला.

"अरे, भीतीनं झाकलं असेल तोंड."

"भिंगरी?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "भिंगरी कधी भ्यालीय?"

आणि त्यानं बटण दाबलं. मी त्याचा हात धरायला पुढे झाले होते, पण उशीर झाला.

पुढच्या गाडीची माणसं जिन्यावरून ओरडत खाली आली. "काका, आमचा कुठला? आमचा दाखवा!" कुणीतरी ओलंचिंब पोर काउंटरवर वाकून म्हणालं. "दाखवतो हं," दादा म्हणाला आणि नवे दात दाखवून हसला. आत्ता जिथे आमची नात जीभ काढून बसली होती, तिथे दोन परकी माणसं तोंड वासून किंचाळत होती.