अर्थ सांगणारे बाबा आणि नऊशे पाने

नवे पुस्तक कोणते वाचावे असे मला कोणी विचारले, की पाने किती आणि रोज किती वाचली तर किती दिवसांत संपतील, हे मी आधी सांगतो. पुस्तक कसे आहे ते त्यानंतर. ही सवय जुनी आहे. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या एकदोन वर्षे आधी, एका श्रावणात, तिने मला चांगलेच तोंडघशी पाडले.

मी तेव्हा शहापूरला लाकडाच्या वखारीत कारकून होतो. पावसाळ्यात जंगलातून गाड्या निघत नसत. वखार बंद राही आणि मी मुरबाडकडे, म्हसा गावाच्या अलीकडच्या आमच्या गावी, शेतीला येई. वखारीचे मालक मुंबईहून नवी पुस्तके मागवत. त्या वर्षी त्यांनी मला पाच दिली. एक खुनाची रहस्यकथा, एक आफ्रिकेला गेलेल्या दुकानदाराचे प्रवासवर्णन, एक शिकलेल्या मुलीच्या संसाराची कादंबरी, एक ताऱ्यांविषयी आणि एक विनोदी लेखांचे. अनुक्रमे २१२, १८०, २६४, १४८ आणि ९६ पाने. एकूण नऊशे.

आमच्याकडे भाताची लावणी उरकली की दीड महिना रोज दुपारी ओटीवर पोथी लागे. माझे काका एक ओवी वाचत आणि शेजारचे एक म्हातारे शेतकरी तिचा अर्थ सांगत. त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबांना एक अक्षर येत नव्हते. चाळीस वर्षे ते काकांच्या शेजारी पाटावर बसून अर्थ सांगत आले होते. गावात त्यांना जो मान होता तो त्या पाटाचा. एरवी त्यांच्याकडे दोन एकर माळ आणि एक म्हैस होती.

त्या वर्षी मोतीबिंदूने काकांना दिसेनासे झाले आणि वाचन माझ्याकडे आले. पंचेचाळीस दिवस, रोज वीस पाने. नऊशे बरोबर बसत होती. मी सगळ्यांसमोर सांगून टाकले, "यंदा नवी पुस्तके वाचू. साध्या भाषेतली आहेत, अर्थ सांगायची गरज नाही."

बाबा उठले, इरले डोक्यावर घेतले आणि घरी गेले.

पहिल्या दिवशी रहस्यकथेला एकतीस माणसे होती. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी आठ, त्यांतली तीन आमच्या घरची. मी समोरच्या म्हातारीला विचारले, "का गो आजी, आवडत नाही?"

"आवडंल कसं? तुमी थांबतच नाय. मानूस मेला आनी तुमी लगेच पान उलटलंत. रडाया तरी येळ द्या! आनी बाबा कुठं हायेत?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या गोठ्यात गेलो. ते म्हशीपुढे गवत टाकत होते.

"बाबा, माझे चुकले. पाटावर येऊन बसा."

"तूच म्हनलास ना, गरज नाय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आनी मला काय समाजनार त्यातलं? मुंबईचे पोलीस नि खोल्या. उगा लोकांत हसं व्हायचं."

त्यांना राग होता, पण त्याहून भीती जास्त होती, हे मला तेव्हा कळले. शेवटी ते म्हणाले, "आदी मला एकल्याला वाच. मला समाजलं तर येन. नाय तर नाय."

मी गोठ्यात बसून रहस्यकथेची साठ पाने पुन्हा वाचली. ती संपल्यावर बाबा म्हणाले, "पुढं नको वाचू. भावानं मारलंय त्याला. परक्यासारका मोजून रडतो तो."

मी पुढची पाने चाळली. भावानेच मारले होते. पुस्तकात ते १९८ व्या पानावर उघड होत होते.

पुढचे मी त्यांना थोडक्यात सांगितले आणि त्या दुपारी बाबांनी उरलेली कथा आपल्या शब्दांत सांगून संपवली. मग मी नवा हिशेब केला. अर्थासह रोज सहाच पाने होणार. राहिलेल्या एकेचाळीस दिवसांत दोनशे सेहेचाळीस. बाबांनी पाचांतून तारे आणि विनोद निवडले. दोन्ही मिळून दोनशे चव्वेचाळीस.

ताऱ्यांच्या पुस्तकात एके ठिकाणी लिहिले होते, की उजेड सेकंदाला एक लाख शहाऐंशी हजार मैल जातो, तरी काही ताऱ्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला शेकडो वर्षे लागतात. बाबांनी सकाळी गोठ्यात ते पान माझ्याकडून चारदा वाचून घेतले. "हे मी गाळतो," मी म्हणालो. "गप रे," बाबा म्हणाले, आणि समोरच्या डोंगराकडे बघत बसले.

ओटीवर त्या दिवशी सत्तेचाळीस माणसे होती. मी वाचून थांबलो. बाबा म्हणाले, "समोरच्या डोंगरावर कोनी कुऱ्हाड मारतो. घाव आदी दिसतो, आवाज मागनं येतो. का? आवाजाला चालत यावं लागतं. तसंच उजेडालाबी चालत यावं लागतं. फक्त तो लय पळतो, म्हनून आपल्याला कळत नाय. पन तारा इतका लांब, की आज दिसतो तो उजेड निघाला तवा हे गाव नव्हतं. हितं जंगल होतं. तो तारा कदाचित इजला बी असंल. त्याला इचारायची सोय नाय. उजेड तेवडा वाटेवर हाय."

ऐकता ऐकता दोर वळणाऱ्या माणसांचे हात थांबले होते. आकडा मी वाचला होता, वहीत उतरवलाही होता. तो केवढा आहे, हे मला त्या क्षणी कळले.

प्रवासवर्णन आणि कादंबरी मी एकट्याने वाचली. दोन्ही चांगली आहेत, प्रवासवर्णन थोडे अधिक. पण मला कोणी विचारले तर मी ताऱ्यांचे पुस्तक आधी सांगतो, आणि ते एकट्याने वाचू नका, असेही सांगतो.

विनोदी पुस्तकाच्या पहिल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "आज अर्थ नाय सांगनार. हसू समजावून सांगितलं का मरतं." ते आपण होऊन बायामाणसांच्या मागे जाऊन बसले आणि तिसऱ्याच ओळीला एवढे मोठ्याने हसू लागले, की तीच म्हातारी ओरडली, "बाबा, दम धरा की वाईच! वाचू तरी द्या त्याला!"