परतीचा शिक्का

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते धुण्यासारखे साठतात. दोन दिवस लक्ष दिलं नाही की कोपऱ्यात ढीग! माझा ढीग थायलंडातल्या फुकेत बेटावरचा आहे आणि सध्या मी तो बीडकडच्या केजमध्ये, सासरच्या गच्चीवर बसून उपसतेय. पंधरा दिवसांसाठी आले होते, तिसरा महिना लागला. व्हिसाचे कागद मुंबईला गेलेत. दर अर्ध्या तासानं गच्चीवर यायचं, इथंच रेंज येते म्हणून. मोबाइलवर 'प्रक्रिया सुरू' वाचायचं, खाली जायचं. भाजी निवडायला बसायचं, अर्धी टाकून परत वर. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, काही बोलत नाहीत. फक्त भाजी पूर्ण करतात.

लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. माझा नवरा मिलिंद चार वर्षांपासून फुकेतला एका हॉटेलचं इंडियन किचन सांभाळतो. तिथलं आमचं गणगोत म्हणजे आमच्याच इमारतीतले, मूळचे आष्टीकडचे वाघमारे काका आणि काकू. काका टूरच्या ऑफिसात असतात, काकूंची खाणावळ आहे. इथं केजात जो भेटतो तो एकच म्हणतो, "फुकेत! मजा हाय बाबा तुमची!"

मजा आहेच. ऐका.

*

मी तिकडं पोचले त्याच दिवशी घरमालकीण खोली बघायला आली. पी नोई. 'पी' म्हणजे ताई. तिला इंग्रजी येत नाही, मला थाई येत नाही. मी मुळात मराठीतसुद्धा कमीच बोलते. दोघी एकमेकींकडं बघून हसत उभ्या.

मी नुकतीच माहेराहून, पाटोद्याहून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती फळीवर ठेवली होती. तिनं ती पाहिली, हात जोडले आणि वेगळ्याच चालीत सुरू झाली, "बुद्धं सरणं गच्छामि..." मी चकित! शब्द आमच्याच विहारातले. मीही सूर धरला. त्रिशरण झालं, मग पंचशील. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. आमचा आवाज असा लागला होता की मिलिंद बाथरूममधून तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला.

पाचव्या शिलाला, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या, पी नोई एकदम गप्प झाली. ते मी एकटीनंच म्हटलं. ती नम्रपणे खाली बघत राहिली.

मिलिंदनं नंतर सांगितलं, "खालचा बार तिचाच हाय."

*

टूरच्या ऑफिसात काका दिवसभर फोटो दाखवतात. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यातून वर आलेले डोंगर. "सर, लाइफमध्ये एकदा तरी जायलाच पाहिजे!" पुण्या-मुंबईची माणसं त्यांचा आवाज ऐकूनच बोटीत बसतात.

मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही कितीदा गेलात?"

काकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "न्हाई गेलो. मला बोट लागती."

वीस वर्षं या ऑफिसात!

*

उन्हाळ्यात फुकेतलाही पाण्याची ओढाताण होते, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. चारी बाजूंनी समुद्र आणि घरच्या नळाला फुसफुस. एका दुपारी खाली रस्त्यावर ओळखीचा आवाज आला. टँकर! मला पुढचं काही आठवत नाही. पायांत चप्पल नाही, दोन्ही हातांत बादल्या आणि मी जिन्यावरून खाली. पाटोद्यात मोठी झालेली पोरगी टँकरचा आवाज कानानं ऐकत नाही, पायानं ऐकते.

खाली टँकरवाला शांतपणे पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडत होता. तिथं लाइन नसते, भांडण नसतं, पाणी आपोआप वर चढतं. दोन गोरे पर्यटक माझ्याकडं बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात लक्षात आलं की माझ्यापुढं कुणीतरी आधीच उभं आहे. हातात घागर. पदर खोचलेला.

काकू म्हणाल्या, "ये. दुसरा नंबर तुझा."

*

माझा तिकडचा व्हिसा 'नवऱ्यावर अवलंबून' या जातीचा. म्हणजे राहायचं, खायचं, पण काम करायचं नाही. मी डी.एड. केलेली, पाटोद्याला दोन वर्षं शाळेत शिकवलेलं. फॉर्मवर 'व्यवसाय' हा रकाना आला की माझं पेन थांबायचं. दिवसभर करायचं काय? मिलिंद सकाळी गेला की रात्री येणार. सगळं जग जिथं सुट्टीला येतं, तिथं मी सक्तीच्या सुट्टीवर!

एक दिवस राहवलं नाही. काकूंच्या खाणावळीत गर्दी होती, मी जाऊन पोळपाट ओढला. काकूंनी लाटणं हिसकावूनच घेतलं. "बस गुमान! कुणी बघितलं तर काम करती म्हणतील. तुझा बी व्हिसा जाईल आन माझं बी दुकान!"

आयुष्यात पहिल्यांदा एका बाईला पोळ्या लाटायला कायद्यानं मनाई! मी उत्साहानं आईला फोन करून सांगितलं. आईनं लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "माझा पासपोर्ट काढायला काय काय कागद लागतील गं?"

*

आता मी इथं का अडकले, ते.

नणंदेचं, शीतलचं, लग्न जमलं. धारूरकडचं चांगलं घर, मुलगा बँकेत, होणारे सासरे निवृत्त गुरुजी. साखरपुड्याला मोठी सून पाहिजेच. मिलिंदला सुट्टी नाही, म्हणून मी एकटीनं यायचं ठरलं.

थायलंडचा नियम असा की तिथं राहायचा परवाना असला तरी देश सोडण्याआधी पासपोर्टवर परतीचा शिक्का मारून घ्यायचा. नाही घेतला, तर बाहेर पडताच परवाना रद्द. मग सगळं पहिल्यापासून. मिलिंदला हे पाठ आहे. चार वर्षं तो एकटाच जाऊन-येऊन होता. त्यानं आठवडाभर आधी रजा टाकली, दोघांचे पासपोर्ट घेतले, लाइन लावली, फॉर्म भरला, फोटो चिकटवला आणि घामाघूम होऊन घरी आला. "झालं बघ तुझं काम!"

मी बघितलं नाही. नवऱ्यावर विश्वास ठेवायचं ते वर्ष होतं.

साखरपुडा थाटात झाला. परतीच्या दोन दिवस आधी काकूंनी आमच्या चौघांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "शिक्क्याचा फोटो पाठव बरं एकदा." मी पासपोर्ट चाळला. पुढून चाळला, मागून चाळला. शिक्का नव्हता. मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "आसं कसं? मी सोता मारून घेतलाय." मग कपाट उघडल्याचा आवाज. मग त्याचा बारीक आवाज, "माझ्या पासपोर्टवर हाय."

चार वर्षांच्या सवयीनं हातानं आपलंच नाव लिहिलं होतं, आपलाच फोटो डकवला होता, आपलाच पासपोर्ट पुढं केला होता!

ग्रुपवर काकूंनी लिहिलं, "मिलिंद, तू आता कवा बी परत येऊ शकतोस. फकस्त आधी जा तरी!"

*

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण केजमध्ये नवी सून नवऱ्याविना पंधरा दिवस राहिली तर ती पाहुणी, महिना राहिली तर आजारी, आणि तिसरा महिना लागला की ती परत पाठवलेली.

शेजारच्या शांताबाई रोज काहीतरी मागायला यायच्या. कधी विरजण, कधी सुई. "न्हाई, फोन येतो नव्हं त्येचा?" "येतो." "बोलतो नव्हं नीट?" "बोलतो." मी कमी बोलते, हे इतकं नडेल असं वाटलं नव्हतं.

त्यात मिलिंदला माझी काळजी! पंधरा दिवसांचेच कपडे नेलेत, थंडी येईल, ही काय घालणार? म्हणून त्यानं फुकेत बघायला आलेल्या अंबाजोगाईच्या एका पाहुण्याबरोबर मोठी बॅग पाठवली. ती जीपच्या टपावरून भर चौकात उतरली. साड्या, ड्रेस, स्वेटर, लग्नाचा अल्बमसुद्धा. मामा, म्हणजे माझे सासरे, ती डोक्यावर घेऊन गल्लीतून आले.

संध्याकाळी शांताबाई आल्या. या वेळी काहीच मागितलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सामान बी धाडलं गं मेल्यानं!"

रात्री शीतल माझ्याजवळ येऊन बसली. धारूरहून तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला होता. त्याच्या घरी कुणीतरी जाऊन सांगितलं होतं की या घरात सून नांदत नाही. लग्न मोडलंय असं तो म्हणाला नाही. "बाबा येणार हायत बोलायला," एवढंच म्हणाला. ती रडली नाही, नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली. माझ्या नसलेल्या एका शिक्क्यापायी हिचं लग्न!

*

गुरुजी रविवारी आले. बरोबर त्यांचे भाऊ. पांढरा शर्ट, खिशाला पेन. बैठकीत बसले. पाऊसपाणी झालं, पेन्शन झाली, रस्त्याचं काम झालं. चहा झाला. दुसरा चहा झाला. मूळ विषय कुणी काढेना. मामा सारखा घसा खाकरायचे. शीतल आतल्या दाराआड. माझ्या हातात बिस्किटांची बशी, आणि ती ठेवायची कुठं हे मला सुचत नव्हतं.

शेवटी गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाईंचं... जायाचं कवा ठरलंय?"

मामांनी व्हिसा सांगायला सुरुवात केली. परवाना, शिक्का, मुंबई, ऑनलाइन. जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. मलाच खोटं वाटायला लागलं! गुरुजींचे भाऊ पंख्याकडं बघत "हां, हां" म्हणत होते.

आत्या उठल्या. मामांच्या खिशातून मोबाइल काढला, मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आपल्याच हातात, माझ्या तोंडासमोर धरला. आवाज सगळ्या बैठकीला ऐकू जाईल एवढा मोठा.

मिलिंदची सुट्टी होती. तो बनियनवर, केस विस्कटलेले, मागं स्वयंपाकघराची सगळी कपाटं सताड उघडी. त्याला फक्त मी दिसत होते. त्यानं नमस्कार नाही, कशी आहेस नाही, तब्येत नाही, एकदम ओरडायलाच सुरुवात केली.

"अगं, काळ्या मसाल्याची बरणी कुठं दडवून ठिवलीस? दोन महिने झालं हुडकायलोय!"

मी सगळं विसरून म्हटलं, "वॉशिंग मशीनच्या मागं."

"तिथं कावून?"

"पुढं ठेवली की तुम्ही सगळ्या हॉटेलला वाटून येता म्हणून!"

"आगं पण नवरा उपाशी मरंल ना!"

"मरत नाही. हॉटेलात दोनशे माणसांचं करता, घरी एक बरणी सापडत नाही? आणि ती कपाटं लावून घ्या आधी, मुंग्या येतील!"

मी आयुष्यात एवढं एका दमात बोलले नव्हते. गुरुजींचे भाऊ पंख्याकडं बघायचं विसरले. आत्यांनी फोन बंद केला आणि मामांच्या खिशात परत ठेवला.

गुरुजींनी माझ्या हातातल्या बशीतलं एक बिस्किट उचललं. शांतपणे खाल्लं. मिशीवरचा चुरा झटकला. मग मामांकडं वळून म्हणाले,

"बस्ता कुठं बांधायचा, बीडला का अंबाजोगाईला?"