रघुनाथच्या आईचा धवला

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल केलीय... आता तुम्ही माझी करा.

२०१२च्या आसपासची गोष्ट. पनवेलला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलमध्ये माझा जपानी सीडी प्लेअर — वीस वर्षं जुना, उचलायला दोन माणसं लागायची. सगळं जग मोबाईलवर गाणी ऐकत होतं आणि मी रोज मऊ फडक्याने त्याचा ट्रे पुसत होतो. सतार लावली की वाजवणारा समोर बसलाय असं वाटायचं. दुसऱ्या प्लेअरवर अडकणाऱ्या सीडीही तो मुकाट वाचायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं पाहिलं नाहीस." खरंच होतं ते.

रघुनाथ आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, ओवे गावचा. त्याची आई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात विधींची गाणी, धवले, म्हणणारी. ती वारून बरीच वर्षं झाली होती. कुणाच्या तरी लग्नात तिचं गाणं सीडीवर घेतलं होतं, तेवढंच उरलेलं. पण ओरखड्यांमुळे ते कुठेच लागत नव्हतं.

"सायब, पोरीचं लगीन हाय. तुमच्या मशीनवर एकदाच लावा, मी मोबाईलवर घेतो. तिला आजीचाच धवला पायजे."

"लेन्स खराब होईल," मी म्हणालो. धादांत खोटं! ओरखड्यांनी लेन्सला काही होत नाही, मला पक्कं ठाऊक होतं. असली कळकट सीडी माझ्या मशीनमध्ये नको, एवढंच. मग त्याने ती एका दुकानात पॉलिशला दिली आणि तिथे तिचे दोन तुकडे झाले. लग्नात दुसरी धवलारीण आणली. नवरी मांडवात रडत होती म्हणे.

पुढच्या रविवारी दुपारी मी सतारीची सीडी लावली... आणि एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. धवला! त्यात नवरीचं नाव होतं, जान्हवी. रघुनाथच्या मुलीचं. जुन्या सीडीत ते असणं शक्यच नव्हतं. ट्रे उघडला, सीडी माझीच.

रघुनाथला फोन केला. जान्हवी माहेरी आलेली होती, बापलेक धावत आले. प्ले दाबलं — सतार. तासभर नुसती सतार. ते जिना उतरले आणि आवाज सुरू! मी गॅलरीतून ओरडलो, ते धापा टाकत वर आले. पुन्हा सतार. असं तीनदा झालं. शेवटी जान्हवी हात जोडून मशीनसमोर बसली. "आजी, एकदाच गा ना..."

रघुनाथने तिला दंडाला धरून उठवलं. "सायब, तवा नाय म्हणालात, ठीक हाय. आता मेलेल्या माणसाची मस्करी कशाला करता?"

त्याने नोकरी सोडली. मी प्लेअर दोन मेकॅनिकना दाखवला, आवाज मोबाईलवर घेऊन पाहिला, त्यात सतारच. कशाचा कशाला पत्ता नाही. बायको म्हणते, विकून टाक. जमत नाही मला. अजूनही न राहवून लावतो आणि धवला ऐकत बसतो.

अशाच एका दुपारी जान्हवीचा फोन आला. तिला मुलगी झाली होती. "काका, एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही खोटं बोलत होता ना?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? माझ्या पाठीमागे तिची आजी तिचंच नाव घेऊन गात होती, आणि फोनवर तिला काहीच ऐकू जात नव्हतं.