वाकड्या जिन्याची मावशी

अख्ख्या परळात सरळ असं एकच माणूस होतं आणि ते म्हणजे आपण स्वतः, अशी आमच्या शेजारच्या मावशीची खात्री होती. ती मालवणकडची, गिरणीत कामाला. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. चालताना ती डावीकडे झुकायची, सपाट अंगणात पायरी असल्यासारखा पाय उचलायची आणि खरी पायरी आली की हमखास चुकायची. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिची कळशी अर्धी व्हायची. बायका म्हणायच्या, हिच्या अंगात वारं शिरलंय. मावशी म्हणायची, "जिनोच वाकडो आसा गो! ज्यानी बांधल्यान, त्याचे डोळे फुटलेले काय?"

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका सकाळी चाळीतून प्रभातफेरी निघाली आणि झेंडा मावशीनं हट्टानं घेतला. नाक्यावर फुटपाथ उतरताना तिचा अंदाज चुकला. ती पडली आणि झेंड्याची काठी पुढच्या गृहस्थांच्या टोपीवर बसली. फेरीची पुढारीण समजुतीनं म्हणाली, "पुढच्या महिन्यात मोठा मोर्चा आहे, त्या दिवशी तुम्ही घरीच थांबा. आम्हांला पाणी भरून ठेवा."

मावशी दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल, डाक्टराकडे. मोर्च्याक मी जातलंयच."

डॉक्टरांनी आधी पाय तपासले, मग डोळे. म्हणाले, "बाई, पाय ठणठणीत आहेत. डोळे दोन्ही अधू आहेत, डावा तर फारच. दोन डोळ्यांचा मेळ नाही, म्हणून जमीन किती खाली आहे ते कळत नाही. तोल पायांइतकाच डोळ्यांवरही असतो."

मावशीनं विचारलं, "म्हणजे जिनो सरळ आसा?"

चष्मा आला आणि पहिला आठवडा हाल झाले. जमीन अंगावर येई, मळमळे. बायका 'मास्तरीण' म्हणून हसायच्या. मावशी डोळे मिटून कठडा धरायची, पण चष्मा काढायची नाही. रोज गिरणीतली पाळी सुटली की तोंडानं पायऱ्या मोजत तीन मजले चढायची, उतरायची. मी हात पुढे केला की ओरडायची, "सोड! पडलंय तर उठान!" पडली दोनदा. उठली.

मोर्चाच्या दिवशी ती लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत पहिल्या रांगेत चालली. मी मागून बघत होते. झेंडा जरासुद्धा कलला नाही. पुढारीणबाईंनीच अर्ध्या वाटेत तिचा दंड धरला होता, स्वतःच्या आधारासाठी.

संध्याकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. नवऱ्याच्या तसबिरीला ती रोज कामाच्या घाईत, न बघताच हार घालायची, पण त्या दिवशी हार हातातच राहिला होता. काचेला नाक लागेल इतकी जवळ ती उभी होती.

"ह्यांच्या हनवटेर तीळ होतो गो," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्सां संसार केलंय... माका कधी दिसलोच नाय."

मी चहा खाली ठेवला. तिनं चष्मा पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि बघत राहिली.