कोलूच्या पायऱ्यांवर हिंगाचा डबा

कापी, म्हणजे तुमची कॉफी, गरम आहे, निवेपर्यंत सांगून होईल. अट एकच. हसायचं ते इथे हसून घ्या. माझ्या बायकोसमोर, रुक्मासमोर, हसलात तर ती सगळं पहिल्यापासून सांगायला बसेल, आणि तिच्या सांगण्यात मी आणखी मूर्ख असतो.

माझी शाळा पाचवीपर्यंत. पुढं जन्मभर तंजावूरच्या पेठेत सायकलचं दुकान चालवलं आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढल्या. आमच्या गल्लीत मी ज्याची फिरकी घेतली नाही असा माणूस शोधायचा तर नवीन भाडेकरू आणावा लागेल.

आता नवरात्रात आमच्या इकडे घरोघर कोलू असतो हे आधी समजून घ्या. पायऱ्या मांडायच्या, पाच, सात किंवा नऊ. त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं आणि बाहुल्या बसवायच्या. वर देव, मध्ये राजे आणि साधू, सगळ्यात खाली चेट्टियार. चेट्टियार म्हणजे दुकानदाराची बाहुली. टकलू, ढेरपोट्या, उघडाबंब, पुढ्यात डाळ-तांदळाच्या राशी घेऊन बसलेला. तो नसला तर बायका विचारतात, चेट्टियार कुठाय म्हणून. अमावास्येला संध्याकाळी कलश ठेवायचा, मरप्पाचीची, म्हणजे नवरा-बायकोच्या बाहुल्यांची, लाकडी जोडी बसवायची, आरती करायची. मग दसऱ्यापर्यंत त्यातलं काही म्हणजे काही जागचं हलवायचं नाही.

हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

गेल्या वर्षी मी चेट्टियारच्या नाकावर माझा चष्मा बसवला. गंमत म्हणून. चष्मा जड, नाक मातीचं. नाक गेलं. रुक्मा म्हणाली, "नाक लावायला एकटा चेट्टियार कशाला पाठवायचा? सगळ्यांनाच रंगवून घेते." तर यंदा सगळ्या बाहुल्या रंगाऱ्याकडे.

यात तिचा एक हेतू होता. तिची थोरली बहीण, तिरुवैयारुची सीताअक्का. अक्काचा कोलू म्हणजे काय विचारता? तिच्या कोलूत कावेरी वाहते. खरीखुरी, पंप लावून. दरवर्षी आमच्याकडे येऊन ती सगळं निरखून बघते आणि म्हणते, "रुक्मा, तुझा कोलू लहान असला तरी स्वच्छ असतो हं." एवढंच. पण रुक्मा पुढचे दोन महिने भांडी आदळते. यंदा एकदा तरी अक्काच्या तोंडून बरा शब्द निघावा, एवढीच तिची इच्छा. नव्या रंगाच्या बाहुल्या त्यासाठी.

अमावास्येला दुपारी ती बाहुल्या आणायला ऑटोने गेली. जाताना दिवाणखान्यात लोखंडी पायऱ्या मांडून, धोतर अंथरून, लाकडी जोडी फडक्यात गुंडाळून वर ठेवून गेली. सगळं तयार.

आणि मला कापीची तलफ आली.

आमच्या स्वयंपाकघरात साखर शोधणं म्हणजे काय सांगू? साखरेच्या डब्यात रवा. रव्याच्या डब्यात सुकी मिरची. साखर निघाली एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात, आणि त्याच्यावर दुसरा डबा, त्यावर परात. रुक्माला काही म्हटलं की तिचं एकच उत्तर. "मला सापडतं ना?"

आमची सून मीना कॉलेजात शिकवते. तिने चारच दिवसांपूर्वी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. "मामंजी, हे बघा, फळी पायऱ्यांसारखी असली की मागचा डबाही दिसतो. सगळे डबे आधी बाहेर काढायचे, पुसायचे, मग लावायचे."

पायऱ्या. तुमच्या डोक्यात आलं ना? माझ्याही आलं.

म्हटलं, रुक्मा यायच्या आत सगळे डबे कोलूच्या पायऱ्यांवर लावून बघू, कोणता कुठं शोभतो ते ठरवू, आणि तसेच आत नेऊन ठेवू. बायकोला चकित करू. कामाला लागलो. मेथीचे तीन डबे निघाले, तिन्ही अर्धे. एकात ओतले. झाकण नसलेल्या बरण्या आणि बरणी नसलेली झाकणं निघाली, ती वेगळी केली. जुनं पुढं, नवं मागं. प्रत्येक डब्यात एक चमचा. मग दुकानाचा कायदा लावला. जड माल खाली, म्हणून तांदूळ, चिंच, मीठ खाली. थोडा लागणारा माल वर, म्हणून हिंग सगळ्यात वर. आणि मधलं सगळं आकाराप्रमाणे, दुकानात सायकलचे छर्रे लावायचो तसं. मोहरी, नाचणी, खसखस एका ओळीत.

शेवटी एक नारळ उरला. कुठंही ठेवला तरी घरंगळे. पिण्यासाठी पितळी तांब्या भरून घेतला होता, त्याच्या तोंडावर बसवला. छान बसला. मग लाकडी जोडी दिसली. ती हिंगाच्या दोन्ही बाजूंना उभी केली आणि म्हटलं, "पहारा द्या."

मागे सरून बघितलं. मलाच माझा अभिमान वाटला. तेवढ्यात दारात समोरच्या घरची विशालम मामी. मामी तमिळ बोलते, आम्ही मराठी, पण चाळीस वर्षांत अडलं कुठंच नाही. मला ती रायर म्हणते, आम्हा सगळ्या रावांना इकडे तसंच म्हणतात.

"रायर, कोलू मांडलात? बाहुल्या कुठायत?"

आता इथं 'डबे पुसतोय मामी' एवढंच म्हणायचं होतं. पण जिभेला खाज. मी हात जोडून गंभीरपणे म्हणालो, "बाहुल्या काय, सगळेच मांडतात. यंदा आमच्याकडे अन्नपूर्णेचा कोलू."

मामीने चष्मा लावला. वरून खाली बघितलं. जोडी, तांब्या, नारळ, डबे. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"रायर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही शहाण्यासारखं काहीतरी केलंत."

मी म्हणणारच होतो, अहो गंमत केली. पण मामीने तोवर पदर खोचला होता. तिने कुंकू काढलं, तांब्याला लावलं, नारळाला लावलं, एकेका डब्याला लावत हिंगापर्यंत गेली. दिवा लावला. गाणं धरलं. तिचा आवाज ऐकून शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही सूर लावला. आणि आरती चालू असताना, हातात बाहुल्यांची पेटी घेऊन, दारात रुक्मा.

"ये गं रुक्मा," मामी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला देवीने बुद्धी दिली. कलश बसला, आरती झाली. आता दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही."

रुक्मा रागावली की ओरडत नाही. तिने पेटी खाली ठेवली. डब्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

"आणि रात्रीच्या रसमला फोडणी कशाची द्यायची?"

मामीने विचार केला. "डबा हलवायचा नाही. झाकण काढून चमच्याने घ्यायला देवी नाही म्हणणार नाही."

"कुठल्या डब्यात काय आहे ते मला कुठं ठाऊक?" रुक्मा म्हणाली. "ज्याने मांडलंय त्याने द्यावं."

अशी माझी नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी पायऱ्यांपुढे पाट टाकून बसलो. उकाड्याचे दिवस, अंगात सदरा नाही, हातात चमचा. आतून तेल तापल्याचा वास आला की हाक येई. "मोहरी!" मी झाकण काढून चमचा भरून धावत आत. पहिल्या दिवशी तेलात नाचणी पडली. आकाराप्रमाणे लावली होती ना. आणि हिंग थोडं लागतं म्हणून वर ठेवलं, पण ते थोडं थोडं किती वेळा लागतं हे कुणी मला साठ वर्षांत सांगितलं होतं का? सांबाराला हिंग, रसमला हिंग, रोजच्या सुंडलला हिंग. बायका येणार म्हणून ही सुंडलची उसळ रोज, म्हणजे रोज दोनदा स्टुलावर चढायचं, पोट आत ओढायचं, आणि पायरीला धक्का न लावता देवीच्या डोक्यावरून चिमूटभर हिंग काढायचं. चिंच सगळ्यात खाली, तांदळाच्या मागे. तिच्यासाठी दंडवत.

मीना येता-जाता म्हणे, "मामंजी, जे रोज लागतं ते कमरेच्या उंचीला ठेवायचं असतं. व्हिडिओच्या पुढच्या भागात होतं ते."

चूक समोर दिसते आणि दुरुस्त करता येत नाही. सायकल असती तर उलटी तरी केली असती.

चौथ्या दिवशी दुपारी मी बघितलं. रुक्माने खाटेखालची पेटी ओढली, चेट्टियार बाहेर काढला, त्याच्या नव्या नाकावरून बोट फिरवलं आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवला. अक्का उद्या येणार होती. काय दाखवायचं होतं आणि काय दाखवायची पाळी आली. तेव्हा मला वाईट वाटलं. फार नाही. पण वाटलं.

पाचव्या दिवशी अक्का आली. बाहेर रणरणतं ऊन, आत अंधार, आणि अक्काचे डोळे आधीच अधू. मी पाटावर. रुक्मा स्वयंपाकघराच्या दारात, पदराचं टोक पिळत. एरवी मी काहीतरी बोललो असतो. पण त्या दिवशी रुक्माचा चेहरा बघितला आणि ठरवलं, गोपाळराव, आज तोंड बंद. मी हातात चमचा धरून दगडासारखा बसलो. श्वाससुद्धा हळू.

अक्काने वरून बघायला सुरुवात केली. "जोडी आहे. कलश आहे. हे सगळं धान्य... अगंबाई, अन्नपूर्णा." एकेक पायरी उतरत तिची नजर माझ्यापर्यंत आली आणि थांबली. ती वाकली. आणखी वाकली.

"रुक्मा, एवढा मोठा चेट्टियार कुठं करवून घेतलास? अगदी गोपाळरावांसारखा उतरलाय." वर म्हणाली, "पोट जरा जास्त घडवलंय."

मी हललो नाही. हललो असतो तर रुक्माचा कोलू संपला असता.

रुक्मा शांतपणे म्हणाली, "तंजावूरचाच आहे अक्का. मानही हलवतो. हो ना हो?"

मी मान हलवली. पुढे, मागे, आमच्या गावच्या बाहुल्या हलवतात तशी.

अक्का जी दचकली ती भिंतीला टेकली. मग तिथंच खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "माझ्याकडे नदी आहे गं. पण असला बाहुला काही माझ्याकडे नाही."

रुक्माने पदर सोडला. मी तिला इतकं खुलून हसताना बघितलं नव्हतं बऱ्याच वर्षांत. अक्का उठली, माझ्या टकलाला कुंकू लावलं, हातात विडा ठेवला. "आता दसऱ्यापर्यंत जागचं हलायचं नाही, गोपाळराव."

मग काय. सगळी गल्ली बघायला आली. विशालम मामी तर रोज नवे पाहुणे घेऊन येई, आणि प्रत्येक वेळी रुक्मा आतून म्हणे, "हो ना हो?" मी मान हलवी. ज्यांच्या ज्यांच्या मी खोड्या काढल्या होत्या ते दोनदा येऊन गेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी बाहुल्यांना निजवून कोलू उठवायचा, म्हणून रुक्माने लाकडी जोडी आडवी केली. मग माझ्याकडे वळली.

"अहो, तुम्हीही."

"मी कशाला?"

"कोलूतलं एक जरी उभं राहिलं तर कोलू उठत नाही. आडवे व्हा."

आडवा झालो.

त्या पायऱ्या आता स्वयंपाकघरातच असतात. हिंग आणि मोहरी रुक्माच्या हाताशी, खसखस वर. साखर साखरेच्या डब्यात. गल्लीतल्या बायका बघायला येतात, आणि रुक्मा त्यांना सांगते, ही माझी कल्पना. मी मान हलवतो. परवा मीनाने सासूला विचारलं, आत्या, घर आवरण्यातली खरी युक्ती काय? तर म्हणते, "जी वस्तू काही उपयोगाची नाही, पण टाकूनही देता येत नाही, तिची जागा एकदा ठरवून टाकायची."

माझी ठरली आहे. सगळ्यात खालची पायरी, डावीकडे.