लखीरामचा संघ काट्यावर

आमच्या आश्रमशाळेत मुलांना राहायला, जेवायला आणि जमलंच तर शिकायला मिळायचं. खेळाचे मास्तर मंजूर होते, पण ते कागदावरच खेळायचे. म्हणून कबड्डी शिकवायचा आमचा स्वयंपाकी लखीराम. अंगात बनियन, हातात झारा. चढाईवरून रिकाम्या हाताने परतणाऱ्याच्या पाठीत झारा बसायचा आणि रात्री त्याच्याच ताटात जास्तीची पोळी पडायची.

कापसाची ती भिकार वर्षं. दिवाळीची सुट्टी संपवून पोरं यायची ती नुसती हाडं घेऊन. लखीराम त्यांना भरवत सुटायचा. मुख्याध्यापक कोठारातल्या साठ्यावरून खेकसले की म्हणायचा, "सर, उपाशी पोट्टा पकडीत टिकत नाही."

त्या साली तालुक्याचा चषक आणायचाच, असं त्याने डोक्यात घेतलं. स्पर्धेला वजनाची मर्यादा होती. जड पोरगा बाद. आता शाळेत काटा कुठला? त्याने सगळा संघ नेला गावातले कापसाचे व्यापारी सदाशिवराव यांच्याकडे आणि एकेकाला त्यांच्या काट्यावर बसवलं. सगळे मर्यादेच्या आत. आमचा हुकमी गडी मारोती तर चांगलाच आत.

दुसऱ्याच दिवशी स्पर्धेच्या काट्यावर मारोती जड निघाला. मागोमाग निम्मा संघ.

"काल त हलके होते! रातभर काय गोटे खाल्ले का यायनं?" लखीराम पंचांच्या अंगावर धावला. पंचांनी दवाखान्यातून दुसरा काटा आणवला. तोही तेच बोलला. आमचा संघ न खेळताच बाहेर. मारोती धाय मोकलून रडला. चषक गेला खड्ड्यात, पण त्या पोराकडे बघवत नव्हतं.

एसटीतून उतरल्यावर लखीराम शाळेकडे वळलाच नाही. संघाला घेऊन तडक सदाशिवरावांकडे. तिथे कापसाने भरलेल्या बैलबंड्या रांगेत उभ्या, आणि नेमका मारोतीच्या बापाचा कापूस नुकताच मोजून झालेला. लखीरामने कोणाला न विचारता मारोतीला काट्यावर बसवलं. काटा कालच्याच आकड्यावर थांबला.

"तालुक्यात हा पोट्टा जड म्हणून बाद झाला," लखीराम ओरडला. "इथंच काहून हलका भरते?"

रांगेतले शेतकरी काट्याभोवती जमले. सदाशिवराव पान चघळत म्हणाले, "रडून रडून उतरला असन."

मारोतीचा बाप काट्याजवळ आला. "मंग माहा कापूसबी रडूनच राह्यला असन, शेठ."

कोणी हसलं नाही. त्याने पहिला गठ्ठा ओढला. लखीराम म्हणाला, "पोट्टेहो, उचला!" आणि आमचा बाद झालेला संघ मोजलेला कापूस परत बंडीत चढवायला लागला.