मुरबाड स्टँडवर दिलेली पिल्लं

वीसेक वर्षं झाली असतील. मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी कल्याणच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी धसईकडची एक पन्नाशीची बाई मांडीवर टोपली घेऊन बसली होती. टोपलीत मांजराची पिल्लं होती. त्यांच्या आईला कुत्र्यांनी मारलं, तेव्हा त्यांचे डोळेही उघडले नव्हते, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून तीच त्यांना ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजत होती. आताही पाजून झाल्यावर तिनं ओल्या फडक्यानं एकेकाला पोटाखाली पुसलं.

“आई चाटते ना, तसं करावं लागतं. नायतर मुतत नाय,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं कल्याणहून प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेची गाडी आली. त्यातल्या मुलीनं पिल्लं खोक्यात ठेवली, तशी ती सगळी ओरडायला लागली. बाईनं पदराचं टोक फाडून त्यांच्याखाली अंथरलं.

“मावशी, कधीही भेटायला या,” मुलगी म्हणाली.

“नको गो. मला पायलं तर परत माझ्या मागं लागतील. त्यांना तिकडंच करमू दे.”

गाडी गेली. धसईची बस लागली, भरली आणि सुटली. बाई कल्याणच्या रस्त्याकडे पाहत उभीच होती. तुमची बस गेली, असं मी सांगितलं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “घरी आता काय घाई हाय?”